प्रक्षेपणाचे दप्तर

सामुदायिक नभोवाणी केंद्रांसाठी भारत सरकारने २००६ साली जे धोरण जाहीर केले, त्यातल्या अटींत एक अट अशी आहे की, केंद्रावरून प्रक्षेपित झालेला प्रत्येक कार्यक्रम प्रक्षेपणाच्या तारखेपासून तीन महिने जतन करून ठेवला पाहिजे. माणदेशातल्या म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’, पुणे विद्यापीठाच्या आवारातली ‘विद्यावाणी’ अशी केंद्रे या वर्गात मोडतात. त्यांच्या ट्रान्समीटरची प्रभावी शक्ती सामान्यतः फार तर १०० वॉटची आणि ॲन्टेनाची उंची फार तर ३० मीटरची असावी असा निर्बंध त्याच धोरणाने घातलेला असल्यामुळे त्यांचा आवाज आठदहा किलोमीटरच्या परिघापलीकडे सहसा जात नाही. परंतु त्या परिघात राहणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तो आवाज कोणत्याही राष्ट्रीय वाहिनीपेक्षा अधिक जवळचा असतो, आणि म्हणूनच त्या आवाजाने काय सांगितले, केव्हा सांगितले आणि कोणाच्या मुखाने सांगितले याचा दाखला मागितला जाण्याचा प्रसंगही तेथे अधिक संभवतो.

पुष्कळ केंद्रांवर या अटीचा अर्थ असा केला जातो की, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या कार्यक्रमांच्या फाइली एका फोल्डरमध्ये साठवून ठेवल्या म्हणजे काम झाले. हा अर्थ अपुरा आहे. साठवलेली फाइल केंद्राला काय ऐकवायचे होते एवढेच सांगते. प्रत्यक्षात काय ऐकवले गेले याची साक्ष ती देऊ शकत नाही. निवेदकाने दोन गीतांच्या मध्ये उत्स्फूर्तपणे उच्चारलेले वाक्य, दूरध्वनीवरून थेट बोलणाऱ्या श्रोत्याने एखाद्या ग्रामपंचायत सदस्यावर केलेला आरोप, जाहिरात ठरल्या वेळी लागली की नाही, आणि संध्याकाळी वीज गेल्यावर केंद्र किती मिनिटे मुके झाले, यांपैकी एकही गोष्ट त्या फोल्डरमध्ये सापडणार नाही. आणि तक्रार येते ती नेमकी अशाच गोष्टींविषयी. यासाठी प्रक्षेपणाचे अखंड, रात्रंदिवस चालणारे मुद्रण करून ठेवावे लागते. रेडिओच्या व्यवसायात त्याला लॉगिंग म्हणतात, आणि ते करणाऱ्या यंत्राला अथवा सॉफ्टवेअरला लॉगर.

इतर देशांतही हा दंडक आहे, मात्र मुदती निरनिराळ्या आहेत. ब्रिटनमध्ये ऑफकॉम हे नियामक मंडळ रेडिओ केंद्रांना ४२ दिवसांचे मुद्रण राखून ठेवायला लावते; कॅनडात मुदत चार आठवड्यांची असते, परंतु त्या अवधीत तक्रार दाखल झाली की तीच आठ आठवड्यांची होते. या दुसऱ्या तरतुदीत एक मार्मिक व्यावहारिक दृष्टी आहे, आणि सॉफ्टवेअर निवडताना तिचा उपयोग कसा होतो ते पुढे येईलच. आपल्याकडची तीन महिन्यांची मुदत या दोहोंपेक्षा दीर्घ असल्यामुळे परदेशी केंद्रांसाठी घडवलेले साधन येथे आणताना त्याच्या अंगभूत मुदतीवर विसंबून राहता येत नाही.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा उच्चारलेला शब्द हवेत विरून जाणे हाच नभोवाणीचा स्वभाव होता. बी.बी.सी.ने १९३० नंतरच्या काळात ब्लॅटनरफोन नावाचे जे यंत्र वापरात आणले, त्यात सुमारे वीस मिनिटांच्या मुद्रणासाठी मैलाहून अधिक लांबीची पोलादी फीत लागत असे. अशा साधनाने दिवसभराचे प्रक्षेपण टिपून ठेवण्याची कल्पनाही कोणी केली नसती. १९३५ साली बर्लिनच्या नभोवाणी प्रदर्शनात जर्मनांनी मॅग्नेटोफोन मांडला आणि प्लास्टिकच्या हलक्या फितीवर चुंबकीय मुद्रण शक्य झाले, त्यानंतर कालांतराने अगदी मंद गतीने फिरणाऱ्या फितींचे स्वतंत्र लॉगर निघाले. पुढे चित्रफितींचे व्हीएचएस यंत्र घरोघर पोहोचले, तेव्हा दीर्घ गतीवर एका फितीत आठ तासांचा ध्वनी मावतो हे ध्यानी घेऊन अनेक केंद्रांनी तेच या कामी लावले. दिवसाला तीन फिती, प्रत्येकीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी, आणि मुदत संपली की त्याच फितीवर पुन्हा मुद्रण असा तो क्रम असे. आज आपण जे सॉफ्टवेअर निवडायला निघतो, त्याच्याकडून याच तीन गोष्टींची अपेक्षा असते: न थांबता टिपणे, तारखेनिशी मांडून ठेवणे आणि मुदत संपल्यावर जागा मोकळी करणे.

सॉफ्टवेअरच्या गुणांची चौकशी करण्यापूर्वी मुद्रणासाठी ध्वनी कोठून घ्यायचा याचा निर्णय व्हावा लागतो, कारण तो चुकला तर उत्तमातले उत्तम सॉफ्टवेअरही निरुपयोगी ठरते. ध्वनी मिक्सरच्या निर्गमद्वारातून घेतला तर तो स्वच्छ असतो, पण ट्रान्समीटर बंद पडला तरी मुद्रणात कार्यक्रम विनातक्रार चालू राहिलेला दिसतो. उलट, एक साधा एफएम रिसीव्हर लावून हवेतून आलेला ध्वनी टिपला तर श्रोत्याने जे ऐकले तेच हाती लागते, मात्र खरखर आणि व्यत्यय यांसह. माझे मत असे की, लहान केंद्राने या दोहोंत निवड करीतच बसू नये. भाषणप्रधान कार्यक्रमांच्या नोंदीसाठी स्टिरिओची आवश्यकता नसते. तेव्हा साउंडकार्डाच्या डाव्या वाहिनीला मिक्सरचा ध्वनी आणि उजव्या वाहिनीला रिसीव्हरचा ध्वनी दिला, की एकाच फाइलीत दोन स्वतंत्र साक्षी उभ्या राहतात. एक साक्ष गप्प झाली आणि दुसरी बोलत राहिली, तर दोष स्टुडिओत होता की ट्रान्समीटरमध्ये, याचा उलगडा मुद्रण ऐकताक्षणीच होतो. रिसीव्हर ट्रान्समीटरच्या अगदी निकट असला तर प्रबळ लहरींमुळे त्याचे ग्रहण बिघडते, यास्तव त्याला लांब ॲन्टेना न देता वीतभर तार द्यावी, अथवा तो आवारापासून काही अंतरावर ठेवावा. आणि केंद्राचे प्रक्षेपण दिवसातून काही तासच होत असले, तरी मुद्रण चोवीस तास चालू ठेवावे. ज्या वेळी केंद्र बंद होते त्या वेळी ते खरोखरच बंद होते, हे सिद्ध करण्याची वेळही कधी येऊ शकते.

आता साठ्याचा हिशेब पाहू. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ ध्वनी, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, संक्षेपाविना साठवला तर तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट, दिवसाला सव्वापंधरा गिगाबाइट आणि ९२ दिवसांना १.४ टेराबाइट जागा व्यापतो. तोच ध्वनी १२८ किलोबिटांच्या एमपी३ स्वरूपात दिवसाला १.४ गिगाबाइटच्या आत आणि तीन महिन्यांना सुमारे १२७ गिगाबाइटमध्ये मावतो. एकेरी वाहिनीचा ६४ किलोबिटांचा ध्वनी तर तीन महिन्यांना अवघे ६४ गिगाबाइट घेतो. डाव्या-उजव्या वाहिनीवर दोन साक्षी ठेवायच्या असतील तर १२८ किलोबिट पुरेसे होतात, मात्र दोन वाहिन्यांतील साम्याचा लाभ घेऊन जागा वाचवणारी जी ‘जॉइंट स्टिरिओ’ पद्धत एमपी३मध्ये असते, ती बंद ठेवून दोन्ही वाहिन्या स्वतंत्रपणे संक्षिप्त करण्याची सूचना द्यावी. तेव्हा जागा ही आज अडचण राहिलेली नाही. एमपी३वरील स्वामित्वहक्कांचे परवाने देण्याचा व्यवहार २०१७ साली संपुष्टात आल्यामुळे तीही अडचण उरलेली नाही. ओपस हा नवा संक्षेपप्रकार थोड्या जागेत मानवी वाणी अधिक स्पष्ट राखतो हे खरे; परंतु तीन महिन्यांनी ही फाइल ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणार, त्याच्या संगणकावर ती विनासायास वाजली पाहिजे, हा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्या दृष्टीने एमपी३ला अजून तोड नाही.

फाइलीचे स्वरूप निवडण्यामागे जागेपेक्षाही गंभीर असे एक कारण आहे, आणि त्याचा विचार फारच थोडे लोक करतात. वीज अकस्मात गेली तर अर्धवट लिहिलेल्या फाइलीचे काय होते? वेव्ह फाइलीच्या प्रारंभी एक शीर्षिका असते आणि तीत ध्वनीची एकूण लांबी लिहिलेली असते. ही लांबी पुष्कळ सॉफ्टवेअर मुद्रण संपवतानाच भरतात. मुद्रण संपण्यापूर्वी वीज गेली की ध्वनी डिस्कवर असूनही शीर्षिका शून्य लांबी सांगते, आणि वाजवणारे सॉफ्टवेअर ती फाइल रिकामी समजते. एम४ए स्वरूपात याहून कठीण अवस्था होते, कारण संपूर्ण फाइलीची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, आणि ती नसली तर आतल्या ध्वनीचा पत्ता लावणे तज्ज्ञालाही जिकिरीचे जाते. एमपी३ची रचना मात्र लहान लहान चौकटींची असते. प्रत्येक चौकटीत १,१५२ नमुने, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांचा ध्वनी, आणि प्रत्येकीला आपली आपली शीर्षिका. त्यामुळे वीज गेली त्या क्षणापर्यंत जे काही डिस्कवर पोहोचले असेल, ते सारे जसेच्या तसे वाजते. ज्या प्रांतात भारनियमन हे ऋतुचक्राइतकेच नियमित आहे, तेथे या एकाच गुणावर निर्णय व्हावा.

वेव्ह स्वरूपाचाच आग्रह असेल तर आणखी एक मर्यादा ठाऊक असावी. त्या शीर्षिकेत लांबी लिहिण्यासाठी ३२ बिटांचीच जागा असते, म्हणून फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, आणि सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ ध्वनी ही मर्यादा पावणेसात तासांत गाठतो. यावर उपाय म्हणून युरोपीय प्रक्षेपक संघाने आरएफ६४ नावाचे विस्तारित स्वरूप काढले. परंतु एक तासाला एक फाइल असा नियम घालून दिला म्हणजे या फंदात पडण्याचे कारणच राहत नाही. तासाची फाइल शोधायला सोपी, पाठवायला सोपी, आणि बिघडलीच तर हानी एका तासापुरती.

परंतु ‘एक तास’ म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. सॉफ्टवेअर दोन प्रकारे तास मोजू शकते. साउंडकार्डाकडून आलेले नमुने मोजून ठराविक संख्या भरली की नवी फाइल उघडायची, हा एक प्रकार. आणि संगणकाच्या घड्याळात नवा तास लागला की नवी फाइल उघडायची, हा दुसरा. साउंडकार्डातल्या स्फटिकाची गती आणि खरी वेळ यांत दशलक्षात पन्नास भागांइतका फरक असणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि एवढ्या फरकाने दिवसाला चार सेकंद, महिन्याला दोन मिनिटांहून अधिक तफावत पडते. नमुने मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘सकाळी सातची’ फाइल अशा रीतीने हळूहळू सातपासून सरकत जाते, आणि महिन्याअखेर एखाद्या आरोपाची वेळ सांगायची झाली तर ती कोणालाच खात्रीपूर्वक सांगता येत नाही. म्हणून भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे फाइल तोडणारे सॉफ्टवेअरच घ्यावे, आणि ते घड्याळ इंटरनेटवरील कालसेवेशी जुळवून ठेवण्याची व्यवस्था करावी.

संगणकाचा कालविभाग कोणता मांडला आहे हेही तपासले पाहिजे. नव्याने मांडलेल्या लिनक्सच्या यंत्रात किंवा भाड्याच्या सर्व्हरवर वेळ बहुधा ग्रीनिचची असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे तेथे तासाची सीमा आपल्या साडेसहाला, साडेसातला पडते आणि फाइलीच्या नावावरची तारीखही पहाटे साडेपाचपर्यंत आदल्या दिवसाची राहते. सुदैवाने ऋतूप्रमाणे घड्याळ मागेपुढे करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. लंडनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी पहाटे एक ते दोन हा तास दोनदा येतो, आणि निष्काळजीपणे रचलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या वेळच्या मुद्रणाने पहिल्या वेळची फाइल पुसून टाकते. परदेशातून मराठी कार्यक्रम करणाऱ्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. फाइलीच्या नावात ग्रीनिचची वेळही घालणे हा त्यावरचा सोपा इलाज.

घड्याळाविषयी सर्वांत धोक्याची गोष्ट अजून सांगायची आहे. पैशाच्या टंचाईमुळे पुष्कळ केंद्रे रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक लॉगर म्हणून लावतात, आणि त्यात गैर काही नाही. त्याला ध्वनी आत घेण्याचे द्वार नसते, म्हणून यूएसबीचे साउंडकार्ड जोडावे लागते एवढेच. परंतु या संगणकाच्या बहुतेक आवृत्त्यांत वीज नसताना चालत राहणारे, बॅटरीवरचे घड्याळ नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट मात्र आले नाही, तर तो आपली शेवटची नोंदलेली वेळच चालू वेळ समजून काम सुरू करतो, आणि रात्री दोनला थांबलेले मुद्रण सकाळी नऊला पुन्हा ‘दोन वाजता’ सुरू होते. काही सॉफ्टवेअर त्याच नावाची फाइल आधी आहे हे पाहून नव्या नावाने लिहितात, काही जुन्या फाइलीला पुढे जोडतात, आणि काही ती सरळ पुसून लिहितात. यांपैकी आपले सॉफ्टवेअर कोणत्या जातीचे, हे विकत घेण्यापूर्वी किंवा स्थापित करण्यापूर्वी करून पाहावे. याहूनही अनर्थकारक म्हणजे, घड्याळ कोणत्याही कारणाने काही महिने पुढे गेले, तर जुन्या फाइली वयावरून पुसणारी आज्ञा सारेच मुद्रण मुदतबाह्य समजून एका रात्रीत नाहीसे करू शकते. बाजारात मिळणारे लहानसे घड्याळाचे बॅटरीयुक्त उपकरण या संगणकाला जोडणे, मुद्रण मेमरी कार्डावर न ठेवता बाहेरच्या डिस्कवर ठेवणे आणि सारे यूपीएसवर चालवणे, हा खर्च टाळू नये. मेमरी कार्ड अखंड लेखनाने झिजते.

एवढे निकष हाती घेऊन सॉफ्टवेअरकडे वळले म्हणजे निवड पुष्कळच सुकर होते. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर बहुतेक केंद्रांवर असतेच, आणि त्याच्यावर सर्वांचा हात बसलेला असल्यामुळे लॉगिंगही त्याच्याकडूनच करून घ्यावे असा मोह होतो. परंतु ते संपादनासाठी रचलेले आहे, मनुष्याने समोर बसून वापरावे अशी त्याची घडण आहे, आणि वीज आल्यावर आपण होऊन मुद्रण सुरू करणे हे त्याचे काम नव्हे. मुद्रणातला हवा तो भाग कापून काढण्यासाठी त्याच्यासारखे साधन नाही, तेथे ते अवश्य वापरावे. केंद्राचा सारा कारभार चालवणारी जी ऑटोमेशन सॉफ्टवेअर आहेत, उदाहरणार्थ मुक्त स्रोतातले रिव्हेन्डेल किंवा ‘ग्रामवाणी’ने ग्रामीण केंद्रांसाठी घडवलेली ग्रिन्स ही प्रणाली, ती कार्यक्रम लावणे, त्यांचे वेळापत्रक सांभाळणे यांसाठी उपयुक्त असली, तरी ज्या संगणकावरून कार्यक्रम लागतो त्याच संगणकाकडे लॉगिंगची जबाबदारी देऊ नये असे माझे ठाम मत आहे. कार्यक्रम लावणारा संगणक गोठला, तर तो गोठल्याची नोंद कोण करणार? ज्याच्या कामाची तपासणी करायची त्याच्याच हाती हजेरीपट देणे कोणत्याही कचेरीत मान्य होत नाही.

स्वतंत्र लॉगरसाठी जी साधने विशेषेकरून रचली गेली, त्यांत लिनक्सवर चालणारे रॉटर हे मला सर्वांत नेमके वाटते. कायद्याने मुद्रण राखणे भाग असलेल्या केंद्रांसाठीच ते लिहिले गेले. दर तासाला नवी फाइल उघडणे, तारखेनुसार फोल्डरांची उतरंड लावणे आणि सांगितलेल्या तासांपेक्षा जुन्या फाइली काढून टाकणे, याखेरीज ते काही करीत नाही. ते जॅक नावाच्या ध्वनिवाहक व्यवस्थेवर चालते, आणि ती मांडण्यास थोडी माहिती लागते हीच काय ती त्याची अडचण. जॅकचा व्याप नको असेल तर एफएफएमपेग हे सर्वसंचारी साधन आहे: साउंडकार्डातून अथवा इंटरनेटवरील प्रवाहातून ध्वनी घेऊन, घड्याळाच्या तासावर फाइल तोडून, तिला तारीखवेळेचे नाव देण्याचे काम ते एका ओळीच्या आज्ञेने करते. मात्र ते स्वतः जुन्या फाइली पुसत नाही, आणि प्रवाह तुटला की काम आटोपते घेते. म्हणून ते थांबले तर पुन्हा सुरू करणारा पहारेकरी, जो लिनक्समध्ये सिस्टमडी या व्यवस्थेच्या रूपाने आयताच असतो, त्याच्यावर बसवावा लागतो. लिनक्सबरोबर येणारे एरेकॉर्ड याहूनही साधे आहे, परंतु ते संक्षेप करीत नाही. लिक्विडसोप हे फ्रान्समध्ये जन्मलेले साधन ध्वनिप्रवाहांसाठी एक छोटी आज्ञाभाषाच देते, आणि तिच्यात ‘अमुक सेकंद शांतता पडली तर कळव’ असाही नियम लिहिता येतो. ज्या केंद्राला एखादा संगणकप्रेमी तरुण लाभला आहे, त्याने याचा विचार करावा, पण तो तरुण नोकरीसाठी पुण्यामुंबईस गेल्यावर ते कोण सांभाळील, हा प्रश्न आजच विचारून ठेवावा.

विंडोजवर चालणारे, किंमत देऊन घ्यायचे लॉगर पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही चांगले आहेत. त्यांचे मुख्य वैगुण्य त्यांच्यात नसून खालच्या भूमीत आहे: विंडोज आपल्या सुधारणा उतरवून घेऊन रात्री संगणक पुन्हा सुरू करते, आणि लॉगर जर सेवा म्हणून नव्हे तर सामान्य कार्यक्रम म्हणून चालत असेल, तर कोणी सकाळी येऊन पासवर्ड देईपर्यंत मुद्रण बंदच राहते. म्हणून ‘सेवा’ म्हणून, म्हणजे कोणी प्रवेश न करताही, ते चालते काय, हा पहिला प्रश्न विक्रेत्याला करावा. त्याच्याच जोडीने संगणकाची निद्रावस्था, आवाजाची पातळी परस्पर वरखाली करणारी सोय आणि सूचनांचे टिणटिणणारे ध्वनी ही तिन्ही बंद करावीत. हे ध्वनी मुद्रणात शिरल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

जुन्या फाइली पुसण्याची व्यवस्था हा निवडीतला असा भाग आहे की, जेथे कॅनडाच्या नियमाची आठवण व्हावी. मुदत तीन महिन्यांची असली तरी आज्ञा नेमकी नव्वद दिवसांची देऊ नये. दोन महिने ३१ दिवसांचे आणि तिसरा ३० दिवसांचा असला की तीन महिने ९२ दिवसांचे होतात, आणि तक्रारीचे पत्र अखेरच्या दिवशी निघून पुढच्या आठवड्यात पोहोचते. १२० दिवसांची मर्यादा घातली तर साठ्यात पडणारा फरक नगण्य आहे. तक्रार आल्याबरोबर त्या दिवसाचे मुद्रण पुसण्याच्या कक्षेबाहेर काढण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असावी. ती नसल्यास दुसऱ्या डिस्कवरच्या राखीव फोल्डरमध्ये त्या दिवसाच्या फाइली हाताने नक्कल करून ठेवाव्यात आणि कोणत्या तारखेस, कोणी, कोणाच्या हुकमाने त्या ठेवल्या याचा शेरा वहीत लिहावा. प्रकरण न्यायालयात जाण्याजोगे असेल तर आणखी एक दक्षता आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेखाबरोबर जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात फाइलीचे हॅशमूल्य लिहिण्याची जागा आहे. हॅशमूल्य म्हणजे फाइलीतल्या सर्व अंकांवरून गणिताने काढलेली एक ठराविक लांबीची संख्या. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ती संख्या सर्वस्वी बदलते. दर तासाची फाइल बंद होताच तिचे हॅशमूल्य काढून वेगळ्या यादीत लिहून ठेवण्याची आज्ञा फारशी अवघड नसते, आणि तिच्यामुळे मुद्रणात पुढे कोणी हात घातला नाही हे दाखवता येते.

पेशवे दप्तरातील रुमालांत बांधलेले कागद पुण्यात शाबूत होते, तरी अभ्यासकांना त्यांचा खरा उपयोग होऊ लागला तो गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाल्यावर. प्रक्षेपणाच्या मुद्रणाचीही स्थिती तीच आहे. ते असणे आणि ते सापडणे यांत अंतर असते. म्हणून फाइलीच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी तास असा क्रम असावा, जेणेकरून नावांच्या अनुक्रमाने मांडले तरी ती काळाच्याच अनुक्रमाने लागतील. त्याच्या जोडीला निवेदकाने रोज एक साधा तक्ता भरावा: अमुक वेळेला अमुक कार्यक्रम, थेट की मुद्रित, बोलणारे कोण. तासाभराच्या मुद्रणातून पाच मिनिटांचे संभाषण शोधण्यासाठी तासभर ऐकत बसण्याची तसदी या तक्त्याने वाचते, आणि सॉफ्टवेअर कितीही महाग असले तरी हे काम ते करून देत नाही.

या तक्त्याचा दुसरा उपयोग मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. लॉगर हे अभिलेखागार नव्हे. मुदत संपली की त्यातले सारे जायचेच असते, आणि त्याचा ध्वनीही कामचलाऊ दर्जाचा असतो. परंतु या केंद्रांवर अनेकदा असे काही बोलले आणि गायले जाते की जे अन्यत्र कोठेही टिपले गेलेले नसते. जात्यावरच्या ओव्या येणारी वृद्ध स्त्री, दुष्काळात जनावरे घेऊन छावणीवर राहिलेला मेंढपाळ, गावच्या बारवेचा इतिहास सांगणारे निवृत्त शिक्षक, हे थेट कार्यक्रमात एकदाच येतात. महिन्यातून एक दिवस ठरवून दोघांनी बसावे, तक्त्यावरून असे प्रसंग निवडावेत, ते भाग ऑडॅसिटीने कापून काढावेत, बोलणाऱ्याची संमती घ्यावी आणि त्याचे नाव, गाव व तारीख यांसह ते कायमच्या संग्रहात घालावेत. पूर्ण दर्जाचे मूळ मुद्रण हाती असेल तर ते घ्यावे, नसेल तर लॉगरचेच घ्यावे. ६४ किलोबिटांची ओवी ही न टिपलेल्या ओवीपेक्षा श्रेष्ठच.

त्याच दिवशी लॉगरचीही परीक्षा घेता येते. दोन महिन्यांपूर्वीची कोणतीही एक तारीख आणि वेळ चिठ्ठीवर लिहून, लॉगर ज्याने मांडला नाही अशा सहकाऱ्याच्या हाती द्यावी आणि ते मुद्रण काढून वाजवायला सांगावे. मग भर दिवसा, प्रक्षेपण चालू असताना, लॉगरच्या संगणकाची वीज बंद करून पुन्हा सुरू करावी, आणि कोणीही हात न लावता मुद्रण किती वेळात पूर्ववत होते ते पाहावे. कायमसाठी निवड करण्यापूर्वी तर दोन-तीन सॉफ्टवेअर महिनाभर शेजारी शेजारी चालवून ही कसोटी प्रत्येकावर लावावी. ज्याच्या फाइली वीज गेल्यानंतरही वाजतात, ज्याची वेळ महिन्याअखेर घड्याळाशी जुळते आणि ज्याच्यातून नवख्या माणसाला पाच मिनिटांत हवे ते सापडते, ते घ्यावे. त्याचे दर्शनी रूप ओबडधोबड असले तरी चालेल.